बाई, गाडी बसली!

आमच्या कोरगावात सकाळी सहाच्या सुमाराला पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. सायकलच्या भोंग्याची दोनदा पों-पों झाली की मी पिशवी घेऊन फाटकाशी जाते. मे महिना संपत आला होता. त्या सकाळी भोंगा थांबेचना. बाहेर आले तर पोदेर टोपलीवरचं प्लास्टिक अर्धं उघडून तसाच उभा, नजर माझ्या गाडीवर. म्हणाला, "बाई, गाडी बसली!"

गाडी बंद पडते, पंक्चर होते, तापते. बसते ती म्हैस, नाहीतर घसा. पण पोदेराचा शब्द अगदी नेमका होता. रात्री मी लावली तेव्हा फूटभर उंचीवर उभी असलेली गाडी सकाळी पोट टेकायला आल्यासारखी खाली आली होती. चारही मडगार्डच्या कमानी टायरांवर उतरल्या होत्या. मी घाबरत किल्ली फिरवली. मागून कुठून तरी गुरगुर सुरू झाली आणि चार-पाच मिनिटांत गाडी आधी मागून, मग पुढून, उंटासारखी उठली. पोदेराने हात जोडले, गाडीला की मला ते कळलं नाही, आणि पाव मोजून दिले.

उठली म्हणजे बरी आहे, असं ठरवून मी शाळेत गेले. पुढचे दोन महिने माझं हेच चाललं.

गाडी माझ्याकडे कशी आली ते सांगायला हवं. पेडणे तालुक्यात राहून डिचोलीच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईने असली गाडी घेण्याचं काही कारण नाही. मावसभाऊ पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला गेला. तिथे गोव्याचे इतके लोक आहेत की त्याला ओळखीची वाडीच मिळाली. जाताना त्याने आपली चौदा वर्षांची फोर बाय फोर मला जवळजवळ फुकटात दिली. 2014 पासून गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची चिखलातली मोटारस्पर्धा होऊ लागली. ती बघून बघून यालाही चिखलाचं वेड लागलं होतं. मोपाच्या सड्यावर, तिथे विमानतळ व्हायच्या आधी, त्याने ही गाडी मनसोक्त लोळवली होती. कंपनीचं नाव सांगत नाही. चौदा वर्षांत तीन मालकांनी केलेल्या हेळसांडीचा ठपका कंपनीवर ठेवणं बरं नव्हे, आणि तिसरी मालकीण मीच.

जाताना त्याने एकच वाक्य सांगितलं होतं, "हिला स्प्रिंग नाहीत, हवा आहे. सांभाळ." मी 'हो' म्हटलं. हवा सांभाळायची म्हणजे काय करायचं, हे विचारायचं सुचलं नाही. टायरमध्येही हवाच असते, ती पंपावर भरून मिळते, एवढंच माझं हवेविषयीचं ज्ञान.

रात्रीचा प्रकार तर आणखी विचित्र. पहाटे तीनच्या आसपास अंगणातून 'फुस्स' असा लांब आवाज यायचा आणि वाड्यावरची कुत्री एका सुरात भुंकायला लागायची. मला वाटलं साप. सासूबाईंना वाटलं देवचार. आमच्या भागात गावची राखण करणारा देवचार रात्री फेरी घालतो, त्याच्या वाटेत काही ठेवू नये असं म्हणतात, आणि माझी गाडी नेमकी जुन्या पायवाटेवर उभी असायची. सासूबाईंनी मला न सांगता एका संध्याकाळी रोट ठेवला. फुस्स थांबलं नाही. पुढे कारण कळलं तेव्हा मी त्यांना सांगितलं की गाडी झोपेतून स्वतःच उठून श्वास सोडते. त्या म्हणाल्या, "मग मी वेगळं काय म्हटलं होतं?"

खरी फजिती जुलैत झाली. सासूबाईंना रेडीच्या गणपतीला जायचं होतं. 1976 साली खाणीत सापडलेली ती मूर्ती. खाणीवर जगलेल्या आमच्या मुलखाला हा देव फार जवळचा. जवळची वाट म्हणजे केरीहून फेरीबोटीने तेरेखोल, आणि तिथून पुढे. सुकतीची वेळ होती, पाणी उतरलं होतं, धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यामध्ये चांगलाच कोन झाला होता. मला वाटलं, एवढी उंच होणारी गाडी आहे, आज तिचं कौतुक होऊ दे. मी डोंगराचं चित्र असलेलं बटण दाबलं.

गाडी गुरगुरली. पुढून थोडी उचलली. मागून नाही. मग पडद्यावर पिवळं चित्र, मग लाल चित्र, मग घंटीसारखा आवाज, आणि उतारावर, मागे सात स्कूटर आणि पुढे फेरीबोटवाल्याचा हात, अशा अवस्थेत गाडी हळूहळू खाली बसली. या वेळी किल्ली फिरवूनही उठली नाही. फेरीबोटवाला ओरडत होता, "बाई, फुडें घे गो!" पुढे घेतली तर पोट फळीला घासत होतं. शेवटी चार जणांनी तिच्याकडे बघत, हातवारे करत, मला मागे मागे घ्यायला लावलं. रेडीचा गणपती त्या दिवशी राहिला. खाली बसलेल्या गाडीत स्प्रिंग म्हणून उरतात ते फक्त रबराचे ठोकळे. केरी ते कोरगाव रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मणक्याने मोजत आम्ही घरी आलो.

पहिल्या गॅरेजने बॅटरी बदलली. हे पूर्ण मूर्खपणाचं नव्हतं, असं आता कळतं. बॅटरीचा दाब उतरला की या गाड्यांचे संगणक वाटेल त्या तक्रारी करतात. पण माझी बॅटरी वर्षाचीही नव्हती.

मग मी स्वतःच हुशारी केली. बोटभर लांबीचं एक यंत्र मागवलं. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात ते खोचायचं, मोबाइल जोडायचा, आणि गाडी आपलं दुखणं सांगते, असा समज. ते सॉकेट अमेरिकेत 1996 पासून प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीचं झालं आणि मग जगभर पसरलं. माझ्या यंत्राने सगळं तपासून सांगितलं की कोणताही दोष नाही. गाडी जमिनीवर पोट टेकून बसलेली, पडद्यावर लाल दिवा, आणि यंत्र म्हणतं सगळं छान. नंतर उलगडा झाला. दोषाच्या कोडची सुरुवात एका अक्षराने होते. इंजिन-गिअरबॉक्सचे 'पी', चॅसीचे 'सी', बॉडीचे 'बी', आणि संगणकांच्या आपसातल्या बोलण्याचे 'यू'. स्वस्तातली यंत्रं बहुतेक 'पी' वाचतात, कारण ती सक्ती मुळात धुरासाठी होती. माझ्या गाडीचं रडगाणं 'सी'मध्ये होतं. म्हणजे रुग्ण गुडघा धरून ओरडतो आहे आणि डॉक्टर त्याची फक्त जीभ बघतो आहे.

शेवटी विमानतळावर टॅक्सी चालवणाऱ्या शेजाऱ्याने म्हापशाकडच्या एका पोराचं नाव सुचवलं. पोरगा पंचविशीतला, लॅपटॉप घेऊन घरी आला. त्याने जोडलं आणि दहा मिनिटांत एक ओळ मोठ्याने वाचली. तिचा मराठी अर्थ असा, की टाकी भरताना दाब अपेक्षेपेक्षा फार हळू वाढतो. मी विचारलं, "म्हणजे कंप्रेसर गेला?" तो म्हणाला, "कंप्रेसर कमजोर आहे, पण बाई, लीक पण बघून..." पुढचं मी ऐकलं नाही. मला आजाराचं नाव मिळालं होतं.

मी वीस वर्षं मुलांना उताऱ्यावरचे प्रश्न सोडवायला शिकवते. उत्तर उताऱ्यात जेवढं आहे तेवढंच लिहा, मनाचं घालू नका, असं लाल शाईने लिहिते. त्या ओळीत कंप्रेसर हा शब्दच नव्हता. दाब हळू वाढतो, एवढंच होतं. तो कुणामुळे, किती दिवसांपासून, त्याच्या आधी काय घडलं, यातलं काही नव्हतं. मीच तिथे कर्ता बसवला, आणि त्याला शिक्षाही दिली. नवा कंप्रेसर माझ्या आवाक्याबाहेरचा, म्हणून दिल्लीहून वापरलेला मागवला. त्यातच माझ्या दोन महिन्यांच्या पगाराला कात्री लागली.

बसवल्यावर गाडी अशी झटकन उठली की पोदेराने पुन्हा हात जोडले. कोड पुसला गेला. नऊ दिवस मी जगातली सगळ्यात समाधानी मोटार-मालकीण होते. मात्र रोज सकाळी ती बसलेलीच असायची. फक्त आता लवकर उठायची, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. दहाव्या दिवशी धारगळच्या पुढे, कोलवाळच्या पुलाआधी, पडद्यावर पुन्हा लाल चित्र. पोराने फोनवरच सांगितलं, कंप्रेसर फार तापला की जीव वाचवायला स्वतःला बंद करतो. दिल्लीहून आलेल्या कंप्रेसरला नऊ दिवसांत ताप आला होता.

आता सल्ल्यांचा पूर आला. सगळ्यांचा एकच सूर होता, "हवा काढून टाक, कॉईल टाक." लोखंडी कॉईल स्प्रिंग घाला आणि सुटा. हा सल्ला नवीन नाही. अमेरिकेत 1957 साली कॅडिलॅकच्या एल्डोराडो ब्रोम या गाडीत चारही चाकांवर हवेचं सस्पेन्शन आलं. त्या काळी त्याचं केवढं कौतुक झालं, आणि त्यातल्या कितीतरी मालकांनी गळतीला कंटाळून पुढे लोखंडी स्प्रिंगाच बसवून घेतल्या. म्हणजे मला मिळालेला सल्ला साठ-पासष्ट वर्षांचा जुना होता. पण कॉईल टाकली की गाडी एकाच उंचीची होते, आणि मला ती उंच-बुटकी होणारी गाडी आवडायला लागली होती. चिखलाच्या वाटेवर उंच, हायवेवर जरा खाली, सासूबाईंना चढायचं असेल तेव्हा आणखी खाली. त्या एका सोयीसाठी सासूबाई गाडीचे शंभर गुन्हे माफ करायला तयार होत्या.

डिचोलीचे काका मला शाळेतल्या शिपायाने दाखवले. वय सत्तरीकडे. मुळगावच्या रस्त्याला पत्र्याची शेड, बाहेर गंजलेले दोन टिप्पर, आत एक लक्झरी बस. त्यांचा सगळा जन्म खाणीच्या ट्रकांखाली गेला. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, मग काही काळ पुन्हा सुरू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केली आणि पुन्हा सगळं थांबलं. डिचोली-साखळीच्या दारादारांत ट्रक उभे राहिले, टायरांवर वेली चढल्या. काका पाट्यांच्या ट्रकांवरून हवेच्या बसवर आले. मुंबई-गोवा रात्रीच्या ज्या मोठ्या बसगाड्या आहेत, त्या लोखंडी पाट्यांवर नव्हे, रबरी फुग्यांवर चालतात. काका त्यांना 'बलून' म्हणतात. पोरगा त्याच वस्तूला 'एअर स्प्रिंग' म्हणत होता. वस्तू एकच आहे, हे कळायलाच मला अर्धा तास लागला.

मी उत्साहाने मागच्या चाकाच्या कमानीत हात घालून "इथे आहे का तो बलून?" असं विचारलं, आणि काका माझ्यावर इतक्या जोरात ओरडले की आतला त्यांचा मदतनीस पाना टाकून बाहेर धावला. गाडी तेव्हा नुसत्या हवेवर उभी होती. एखादा पाइप सुटला, किंवा गाडीच्या संगणकाने खाली यायचं ठरवलं, तर कमान आणि टायर यांच्यामध्ये हाताची जागा उरत नाही. काकांनी आधी चॅसीखाली घोडी लावली, मग लाकडाचे ठोकळे, मग गाडीला हलवून पाहिलं, आणि मगच मला जवळ येऊ दिलं. "आमच्या एका पोराची बोटं गेली बसखाली," एवढंच म्हणाले.

नंतर शांत झाल्यावर विचारलं, "सकाळी कुठली बाजू बसलेली असते?"

"चारही."

"सारखी?"

"सारखी."

काका गप्प झाले. चार बलून एका रात्रीत सारखे फुटत नाहीत, म्हणाले, तेव्हा वाल्व्हचा ठोकळाच गळत असणार. काका इथे चुकले होते. बसमध्ये ही भानगड नसते. तिथे एक दांडी आणि एक लेव्हलिंग वाल्व्ह, सगळं यांत्रिक, झोपेत उठणारा संगणक नाही. माझ्या गाडीचं गुपित लॅपटॉपवाल्या पोराला ठाऊक होतं. त्याला मी फोन लावून काकांच्या कानाशी धरला. बंद गाडीतला संगणक काही तासांनी जागा होतो, चारही चाकांशी असलेल्या सेन्सरना उंची विचारतो, आणि एक कोपरा खाली गेलेला दिसला तर बाकीच्या तिघांची हवा सोडून त्यांनाही तेवढंच खाली आणतो. गाडी वाकडी दिसू नये म्हणून! पहाटेचं फुस्स ते. एक जण खचला की बाकी तिघे त्याच्या बरोबरीने बसतात. सकाळी बघणाऱ्याला कळतच नाही, आधी कोण बसला.

म्हणून उपाय असा की संध्याकाळी गाडी समपातळीत लावायची, सस्पेन्शनचा फ्यूज काढायचा म्हणजे संगणक रात्री उठणार नाही, चाकाच्या मधल्या बिंदूपासून वरच्या कमानीपर्यंत चारही बाजूंचं अंतर मोजायचं, आणि सकाळी पुन्हा मोजायचं.

मी शिंप्याची टेप घेतली. फ्यूज काढला. सकाळी पुन्हा चारही बाजू सारख्याच खाली, वर खिडकीच्या काचा चालेनात आणि पाऊस आत. मी खिडक्यांचा फ्यूज काढला होता. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावरची चित्रं कुणी काढली आहेत त्याला माझा नमस्कार.

दुसऱ्या रात्री बरोबर फ्यूज काढला. त्या रात्री फुस्स झालं नाही, कुत्री भुंकली नाहीत, सासूबाई म्हणाल्या आज देवचार आला नाही. सकाळी टेप लावली. पुढची डावी 2 मिलिमीटर खाली. पुढची उजवी 3. मागची उजवी 3. मागची डावी 94. मी तो आकडा तीनदा मोजला. गाडी एका कोपऱ्यावर लंगडी उभी होती, आणि मला इतका आनंद झाला की पोदेराला हाक मारून दाखवली. तो म्हणाला, "आता तर जास्तच बसली." त्याला ते समजावणं मी सोडून दिलं.

कोपरा सापडला, पण भोक नाही. फुगा, त्याला येणारा पाइप, पाइपाचं टोक, यातलं नेमकं काय? इथे मला बाबांची पेटी आठवली. माझं माहेर मयेचं. बाबा भजनात हार्मोनियम वाजवतात आणि चवथीआधी आसपासच्या मंडळांच्या पेट्या दुरुस्त करतात. आपण हाताने हलवतो तो बाहेरचा भाता. तो हवा भरतो. आत आणखी एक भाता असतो, तो हवा साठवून ठेवतो, आणि सुरांना ती सारख्या दाबाने मिळत राहते. माझ्या गाडीत तेच होतं: कंप्रेसर हा बाहेरचा भाता, टाकी हा आतला, आणि वाल्व्ह म्हणजे पट्ट्या. आतला भाता गळत असला की वाजवणारा अजाणता बाहेरचा भाता भराभरा हलवायला लागतो. लोक म्हणतात, वादकाचा हात दुखतो. बाबा हाताकडे बघत नाहीत. पट्ट्या न दाबता भाता भरून ठेवतात, तो किती वेळ टिकतो ते मोजतात, आणि मग घड्यांच्या कडेने उदबत्ती फिरवतात. धूर जिथे थरथरतो तिथे भोक.

मी उदबत्ती पेटवून गाडीच्या मागच्या डाव्या चाकाशी बसले. हात आत घातला नाही, लांब काठीला बांधली होती. ऑगस्टमधलं वारं होतं, धूर सगळीकडेच थरथरला. सासूबाई बाहेर आल्या, मला उदबत्ती ओवाळताना पाहिलं, आत गेल्या आणि हळद-कुंकू घेऊन आल्या. मी त्यांना थांबवलं नाही.

धुराने होत नाही ते फेसाने होतं. काकांच्या शेडमध्ये भांड्याच्या साबणाचं पाणी फवाऱ्याच्या बाटलीत भरलं. गाडी नेहमीच्या उंचीवर, घोड्या लावून. पाइपाच्या टोकावर फवारलं: काही नाही. वाल्व्हच्या ठोकळ्यावर: काही नाही. काकांनी जरा नाराजीनेच पुढे सरकून बलूनवर फवारलं: काही नाही. अर्धा तास आम्ही फेस बघत बसलो. मग काका म्हणाले, "रात्री ती या उंचीवर कुठे असते?" आणि त्यांनी घोड्या काढून गाडी दोन बोटं खाली घेतली, पुन्हा ठोकळे लावले, पुन्हा फवारलं. बलूनचं रबर खालच्या नळकांड्यावर मोज्यासारखं दुमडत खाली-वर होतं. वरच्या उंचीला सरळ असलेला रबराचा भाग आता घडीत वळला होता. त्या घडीवर वाटाण्याएवढा एक फुगा आला, लिंबाएवढा झाला, फुटला. मग दुसरा. मी तो व्हिडिओ करून स्विंडनला पाठवला. भावाने रडणारा चेहरा पाठवला.

घडीत बारीक भेगांची जाळी होती, जुन्या चपलेच्या अंगठ्यासारखी, आणि भेगांत लाल धूळ बसलेली. पेडण्यातल्या एका मेकॅनिकने ती बघून लगेच सांगितलं, "डिचोलीची खाणीची माती." काकांनी तीच धूळ बोटावर घेऊन चोळली आणि म्हणाले, "यात वाळू आहे. हरमल-केरीची." दोन तालुक्यांतला हा वाद अजून मिटलेला नाही. माझ्या मते चौदा वर्षांचं रबर कुठेही गेलं असतं. टायरमध्ये आपण 30-35 पीएसआय, म्हणजे दोन-अडीच बार हवा भरतो. या फुग्यांत त्याहून बराच जास्त दाब असतो, आणि ती घडी दर खड्ड्याला उलगडते-मिटते.

मग सगळी साखळी उलट्या बाजूने वाचता आली. रात्रभर गळती. सकाळी कंप्रेसरला जमिनीपासून गाडी उचलायची, रोज, दोन महिने, कदाचित माझ्याही आधीपासून. त्याच्या पिस्टनची रिंग झिजली, तो हळू भरायला लागला. लॅपटॉपवरची ओळ ती. शिवाय एक गोष्ट पोराने सांगितली, ती मला सगळ्यात आवडली. कंप्रेसरच्या तोंडाशी ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची डबी असते, औषधाच्या बाटलीत पुडी असते तसले दाणे. गाडी खाली येताना फुग्यांतली कोरडी हवा याच डबीतून बाहेर जाते आणि जाता जाता दाण्यांतला ओलावा घेऊन जाते, म्हणून ते पुन्हा पुन्हा चालतात. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या फुग्यातली हवा त्या वाटेने जातच नव्हती, भेगेतून जात होती. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गोव्यातली ओली हवा रोज आत, आणि दाणे कधी पुरते सुकत नाहीत. जुनी डबी उघडली तेव्हा आत दाण्यांचा चिखल झाला होता. कंप्रेसर गेला होता हे खरंच. पण त्याला थकवणारा मागच्या डाव्या चाकाशी बसला होता, आणि त्याचं नाव कुठल्याच कोडमध्ये नव्हतं. शाळेतल्या गणितातल्या हौदाला दोन नळ असायचे, एक भरणारा, एक रिकामा करणारा. मी सगळे पैसे भरणाऱ्या नळावर घातले होते.

मी पोराला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "बाई, मी सांगत होतो." वर्गात हे वाक्य मी रोज ऐकते आणि दुर्लक्ष करते.

नवा बलून दोन आठवड्यांनी आला. दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, असं काका आणि पोरगा दोघांनीही सांगितलं, बहुधा त्यांचं एकमत झालेली ती एकमेव गोष्ट. माझ्याकडे एकाचेच पैसे होते. काकांनी आधी सगळी हवा सोडली, मग पाइप काढला, दाण्यांची डबी नवी भरली, तापलेला रिले बदलला. त्यांनी बसवल्यावर गाडी उठली, पण डावीकडे किंचित कलून. काकांनी सेन्सरच्या दांड्या वाकवून बघितल्या. पोराने त्यांचा हात धरला. दोघांत जरा बोलाचाली झाली. मग लॅपटॉप जोडून पोरगा आत बसला, मी टेप घेऊन एका-एका चाकाशी, आणि काका मध्ये उभे राहून माझा आकडा मोठ्याने त्याला सांगत होते, जणू त्याला ऐकू येत नव्हतं. चार आकडे भरल्यावर गाडीने स्वतःला सारखं केलं, अगदी मिलिमीटरपर्यंत. काका लॅपटॉपच्या पडद्याकडे वाकून बराच वेळ बघत होते. "ही पेटी केवढ्याला मिळते?" त्यांनी पोराला विचारलं.

चवथीच्या आदल्या दिवशी डिचोलीच्या बाजारातून गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सगळं सामान त्याच गाडीत आणलं. माट्टुळ्या, कांगल्या, सुपाऱ्यांचे घोस, तवशी, नारळ. सासूबाई चढताना मी गाडी खाली घेतली, मग वर. रेडीला जायचं अजून राहिलं आहे. सुकतीच्या वेळी नको, असं ठरलं आहे. पहाटेचं फुस्स थांबलं, म्हणून देवचाराला पुन्हा एकदा रोट ठेवला गेला.

मी अजून रोज रात्री टेप घेऊन बाहेर जाते. शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या मागच्या पानांवर चार रकाने आखले आहेत: पुडा, पुउ, माडा, माउ. मागची डावी आता रात्रभरात 1 मिलिमीटरसुद्धा हलत नाही. मागची उजवी गेल्या महिन्यापर्यंत 3 असायची. परवा 5 होती. आज सकाळी 8.